डुकराचे वय कोणी मोजले?

कोणता प्राणी किती वर्षे जगतो, याचे तक्ते विद्यार्थ्यांना फार आवडतात. हत्ती साठ-सत्तर वर्षे, घोडा पंचवीस-तीस, कुत्रा बारा ते पंधरा, डुक्कर पंधरा ते वीस. पाठ करायला आणि प्रश्नमंजूषेत विचारायला हे आकडे सोयीचे असतात. पण डुकरासमोरचा हा आकडा आला कुठून, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर? म्हातारा बैल, म्हातारी गाय, म्हातारे कुत्रे आपण सर्वांनीच पाहिलेले असते. म्हातारे डुक्कर आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि अलीकडच्या काळात महामार्गालगतची मोठमोठी गोदामे डोळ्यांसमोर येतात. पण तालुक्याच्या उत्तरेला, वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे, तानसा नदीच्या खोऱ्यात गेले की भातशेती लागते आणि तिच्या पाठीमागे डोंगरातले जंगल. पश्चिमेला तुंगारेश्वरचा डोंगर, ईशान्येला तानसा अभयारण्य. या दोन्ही जंगलांत रानडुक्कर आहे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इथल्या वन्य प्राण्यांत वाघाचीही नोंद आहे आणि रानडुकराचीही. दोघांचीही शिकार झाली, दोघांचेही जंगल आक्रसले. आज या रानांत वाघ नाही. रानडुक्कर मात्र आहे, आणि भात पिकू लागले की रात्रीची राखण करायला लावण्याइतके आहे.

एक संपला आणि दुसरा टिकला, असे का झाले? दोघांच्या आयुष्याचे वेळापत्रक निराळे आहे, हे त्याचे एक मोठे कारण. वयात केव्हा यायचे, एका वेळी किती पिल्ले घालायची, म्हातारे केव्हा व्हायचे, हे ज्यात ठरते त्याला जीवशास्त्रात ‘जीवनक्रम’ म्हणतात. डुकराचा जीवनक्रम माणसाला कसा कळत गेला आणि कळण्याआधीच माणसाने तो कसा बदलला, याची ही कहाणी आहे.

सेलबोर्नची डुकरीण

प्राण्यांच्या आयुर्मानाचा विचार पद्धतशीरपणे करणाऱ्यांत ॲरिस्टॉटलचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने लिहून ठेवले, की डुक्कर साधारण पंधरा वर्षे जगते आणि काही डुकरे विसाच्या जवळपास पोचतात. डुकरीण चार महिने गाभण असते, असेही तो सांगतो. गाभणकाळ आज आपण ११४-११५ दिवस, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस धरतो. तेवीसशे वर्षांपूर्वीचे हे आकडे आजच्या आकड्यांच्या इतके जवळ आहेत, याचे नवल वाटते.

त्यानंतर कित्येक शतके या माहितीत फारशी भर पडली नाही. ती का पडली नाही, हे एका इंग्रज धर्मोपदेशकाने सांगितले. इंग्लंडमधल्या सेलबोर्न या खेड्यात राहणारा गिल्बर्ट व्हाइट आपल्या परिसरातले पक्षी, किडे, झाडे, हवामान यांच्या नोंदी वर्षानुवर्षे करीत असे. त्याचे पुस्तक १७८९ साली निघाले. त्यातल्या एका पत्रात तो म्हणतो, की डुकराचे नैसर्गिक आयुष्य फारसे कोणाला माहीत नाही, कारण डुकराला त्याच्या मरणापर्यंत पोसणे कोणालाच परवडत नाही आणि सोयीचेही नसते. मात्र त्याच्या एका सधन शेजाऱ्याने एक डुकरीण सतराव्या वर्षापर्यंत सांभाळली होती, आणि व्हाइटने तिची हकिगत टिपून ठेवली.

ही डुकरीण सुमारे दहा वर्षे वर्षाला दोन वेळा व्यायली. प्रत्येक वेताला दहाएक पिल्ले. एकदा तर विसाहून अधिक झाली. पण सड त्याच्या जेमतेम निम्मे असल्याने बरीच पिल्ले दगावली. पंधराव्या वर्षाच्या सुमारास वेत चार-पाच पिल्लांवर आले. दात झिजले. तिला एकूण तीनशे पिल्ले झाली असावीत, असा व्हाइटचा अंदाज आहे. बाई हुशारही होती. माजावर आली की वाटेतली फाटके स्वतः उघडून ती दूरच्या शेतावरच्या नराकडे जाई आणि काम झाले की त्याच वाटेने परत येई. १७७५ च्या वसंतात तिला मारण्यात आले. म्हणजे इतिहासात नोंदलेली ही ‘म्हातारी’ डुकरीणसुद्धा म्हातारपणाने मेली नाही.

आमच्या मते ही नोंद शाळेत जरूर सांगावी. व्हाइटजवळ प्रयोगशाळा नव्हती. त्याच्याजवळ एक जनावर होते आणि त्याच जनावराकडे सतरा वर्षे लक्ष ठेवण्याची चिकाटी असलेला शेजार होता. म्हातारपणाची दोन लक्षणे, झिजलेले दात आणि घटलेली प्रजननक्षमता, त्याने अचूक हेरली. 

हौसेने पाळलेल्या डुकरांमुळे ही मर्यादा आणखी पुढे गेली आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ‘बेबी जेन’ नावाचे एक पाळीव डुक्कर २०२१ साली वारले तेव्हा त्याचे वय २३ वर्षे भरून वर सात महिने झाले होते. याउलट मांसासाठी वाढवलेले डुक्कर सहा महिन्यांच्या आसपास कापले जाते. प्राणी तोच, शरीर तेच. एकाचे आयुष्य दुसऱ्याच्या जवळजवळ पन्नासपट.

दातांची साक्ष

ज्या जनावराच्या जन्माची नोंद नाही, त्याचे वय कसे काढायचे? बैल विकत घेताना शेतकरी दात पाहतो. डुकराच्या बाबतीत हीच युक्ती अधिक बारकाईने वापरता येते, कारण त्याच्या तोंडात ४४ दात असतात आणि ते ठराविक क्रमाने येतात. रानडुकराची पहिली कायमची दाढ सहाव्या महिन्याच्या सुमारास, दुसरी वर्ष-सव्वा वर्षात आणि तिसरी दोन वर्षांच्या आसपास उगवते. पुढचे वय दाढांच्या झिजेवरून ठरवतात. शिवाय दाताच्या मुळावर दरवर्षी सिमेंटासारख्या पदार्थाचा थर चढतो. थंड प्रदेशातल्या डुकराच्या दाताचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे हे थर मोजता येतात.

दाताची ही साक्ष हजारो वर्षे टिकते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. तिथल्या कचऱ्यात सापडलेल्या हाडांमध्ये गाईबैल, शेळ्यामेंढ्या यांच्याबरोबर डुकराचीही हाडे आहेत. अशा हाडांतला जबडा हाती आला, की ते जनावर कोणत्या वयात मारले गेले हे पुरातत्त्वज्ञ सांगू शकतो. पुष्कळ जबडे हाती आले, की माणसे शिकार करीत होती की पशुपालन, याचाही अंदाज बांधता येतो. शिकारीत सर्व वयांची जनावरे सापडतात. पाळलेल्या डुकरांत मात्र एक-दोन वर्षांच्या आतली जनावरेच फार दिसतात. कारण वाढ पूर्ण होत आली की पुढे पोसण्यात फायदा नसतो. गिल्बर्ट व्हाइटने सांगितलेले कारण प्राचीन वस्त्यांच्या उकिरड्यात असे दाताच्या रूपाने पडलेले असते.

डुक्कर माणसाळले सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वी, आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात. आणि त्यानंतर स्वतंत्रपणे चीनमध्ये. पाळीव डुक्कर आणि रानडुक्कर आजही एकाच जातीचे मानले जातात. लिनिअसने १७५८ साली त्या जातीला ‘सस स्क्रोफा’ हे नाव दिले. तरीही दहा हजार वर्षांत वेळापत्रक बदलले. रानडुकरीण एका वेताला साधारण चार ते सहा पिल्ले देते. पाळीव डुकरीण दहा-बारा सहज देते आणि वर्षातून दोनदा विऊ शकते. ज्या डुकरिणी लवकर आणि भरपूर व्याल्या त्यांचीच पिल्ले माणसाने पुढच्या वाढीसाठी ठेवली. दीर्घायुष्याची निवड करण्याचे त्याला कारणच नव्हते.

रानातले वेळापत्रक

आता मूळ वेळापत्रक पाहू. विण्याआधी रानडुकरीण कळपापासून दूर जाते आणि गवत, पाने, फांद्या गोळा करून चक्क घरटे बांधते. खूर असलेल्या प्राण्यांत अशी सवय विरळाच. पिल्ले जेमतेम किलोभर वजनाची असतात. त्यांच्या अंगावर उभ्या पट्ट्यांची खारीसारखी नक्षी असते, ती चार-सहा महिन्यांत विरते. आपल्याकडे पिल्ले वर्षभर होतात, पण पावसाळ्याच्या आगेमागे त्यांचे प्रमाण अधिक असते.

माद्या आणि पिल्ले यांचा कळप असतो. नर पिल्ले वर्ष-दीड वर्षाची झाली की कळप सोडतात आणि पूर्ण वाढ झाल्यावर बहुधा एकटी फिरतात. खालचे सुळे आयुष्यभर वाढत राहतात; वरच्या दातांवर घासून त्यांना धार येते. खांद्यावर आणि कुशीवर जाड, चिवट कातड्याची जणू ढाल तयार होते, कारण माजाच्या दिवसांत नरांची झुंज सुळ्यांनीच होते. मराठीत ‘मुसंडी मारणे’ हा शब्दप्रयोग राजकारणापासून क्रिकेटपर्यंत कुठेही चालतो. तो रानडुकराच्या या सरळ, खाली मान घालून केलेल्या धावेला किती चपखल बसतो, हे वेगळे सांगायला नको.

पण या प्राण्याचे खरे वैशिष्ट्य सुळ्यांत नाही. चितळाची मादी आणि रानडुकराची मादी वजनाने फार वेगळ्या नसतात. चितळाला एका वेळी एक पाडस होते. डुकरिणीला चार ते सहा पिल्ले. वाघीण तीन-चार वर्षांची झाल्यावर प्रथम विते आणि बछडी जवळपास दोन वर्षे सांभाळते. रानडुकरीण पोटभर खायला मिळाले आणि वजन तीस किलोच्या आसपास गेले, तर पहिल्या वर्षातच गाभण राहू शकते. मोठ्या सस्तन प्राण्यांत ही घाई अपवादात्मक आहे. शरीर हरणाएवढे आणि पिल्लांचा हिशेब सशाकडे झुकणारा, असे हे मिश्रण आहे. शिवाय आयुष्याची कमाल मर्यादा लहान प्राण्यासारखी तोकडी नाही. रानात दहा-बारा वर्षांचे डुक्कर असू शकते. फक्त तिथवर फार थोडी पोचतात.

भाल्याचा खेळ

इंग्रजांच्या काळात रानडुक्कर हे साहेबांच्या खेळाचे जनावर झाले. घोड्यावरून पाठलाग करून भाल्याने डुक्कर मारण्याचा हा खेळ. मुंबईचा गव्हर्नर (१८१९ ते १८२७) माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्याच्या नावाचे महाविद्यालय मुंबईत आहे, त्याला या खेळाचा मोठा षौक होता. मुंबई इलाख्यात लांब भाला वापरीत, बंगालमध्ये आखूड. पुढे स्काउट चळवळ सुरू करणारा बेडन-पॉवेल याने १८८९ साली या खेळावर एक पुस्तकच लिहिले.

या खेळाचा एक पक्का दंडक आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भाला फक्त मोठ्या नरावर चालवायचा. डुकरीण मारणे कमीपणाचे मानले जाई आणि लहान पिल्लांनाही सोडून देत. यात दयेचा भाग असेलही. पण हिशेबाचा भाग उघड आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो. दहापैकी पाच नर मारले तरी पुढच्या वर्षीच्या पिल्लांची संख्या फारशी घटत नाही. माद्या सुरक्षित, म्हणून पिल्ले भरपूर, म्हणून पुढच्या हंगामाला खेळ तयार. जीवनक्रमाचे शास्त्र जन्मायच्या आधीच या शिकाऱ्यांना त्यातले एक तत्त्व अनुभवाने कळले होते: गोळाबेरीज मादीच्या हाती असते.

या खेळाची किंमत शेतकऱ्याने मोजली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. माळा, गोफण, पत्र्याचे डबे आणि रात्रीचे जागरण ही त्याची साधने राहिली. आजही आपल्याकडे ‘डुकरांचा बंदोबस्त’ म्हणजे सुळेवाला मोठा नर टिपणे, अशी समजूत ऐकू येते. त्याने एका जनावराचा त्रास जरूर थांबतो. पण संख्या कमी होण्याशी त्याचा संबंध फार थोडा आहे.

चहाच्या पेल्यांचे गणित

आता थोडे मूळ प्रश्नाकडे वळू. प्राणी म्हातारे होतातच का? यंत्र झिजते तसे शरीर झिजते, हे उत्तर अपुरे आहे. कारण शरीर स्वतःची दुरुस्ती करू शकते. जे शरीर एका पेशीपासून अख्खे डुक्कर घडवते, त्याला तयार डुकराची डागडुजी का जमू नये?

१९५१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पीटर मेडावर या जीवशास्त्रज्ञाने एका व्याख्यानात याचे उत्तर सुचवले. त्याने प्रयोगशाळेतल्या काचेच्या परीक्षानळ्यांचे उदाहरण दिले होते. आपण चहाच्या टपरीवरचे काचेचे पेले घेऊ. पेला म्हातारा होत नाही. पण रोज हातातून पडून काही फुटतात आणि मालक तेवढे नवे आणतो. काही वर्षांनी मोजले, तर नवे पेले पुष्कळ आणि जुने अगदी थोडे दिसतील. आता समजा एका कारखान्याच्या पेल्यांत असा दोष आहे, की पाच वर्षांनी ते आपोआप तडकतात. मालकाला तो दोष जाणवणारच नाही. पाच वर्षे टिकलेला पेला त्याच्याकडे उरतोच कुठे? पण दोष पहिल्याच आठवड्यात दिसणारा असेल, तर तो त्या कारखान्याचे पेले पुन्हा घेणार नाही.

निसर्गनिवड ही या मालकासारखी असते. जो दोष उतारवयात उमटतो तो निवडीच्या नजरेतून सुटतो, कारण त्या वयापर्यंत अपघात, रोग, बिबट्या किंवा माणूस यांनी बहुतेकांचा निकाल लावलेला असतो. १९५७ साली जॉर्ज विल्यम्सने यात आणखी भर घातली. तरुणपणी फायद्याचा आणि म्हातारपणी घातक असा गुण असेल, तर तो टिकून राहतो. कारण फायदा पुष्कळांना मिळतो आणि तोटा थोड्यांनाच होतो.

यावरून एक भाकीत करता येते. ज्या प्राण्याला बाहेरच्या कारणांनी लवकर मरण येते, त्याच्या पिढ्यांमध्ये लवकर वयात येणारे आणि लवकर विणारे सरस ठरतील. हे भाकीत तपासायला रानडुकराइतका चांगला प्राणी क्वचितच मिळेल.

फ्रान्समधले एक जंगल

ईशान्य फ्रान्समध्ये शातोव्हिलां परिसरातल्या जंगलात रानडुकरे पकडून, खूण करून सोडण्याचे काम अनेक वर्षे चालले. तिथे शिकार फार होते. दरवर्षी दर पाच माद्यांमागे दोन शिकारीत जातात, अशी परिस्थिती. त्या नोंदींतून २०११ साली मार्लेन गामलों आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की बावीस वर्षांत पिल्ले जन्माला येण्याची तारीख सुमारे बारा दिवस अलीकडे सरकली होती. लवकर जन्मलेल्या मादी पिल्लाला शिकारीच्या हंगामापूर्वी वजन वाढवायला जास्त दिवस मिळतात आणि ती पहिल्याच वर्षी विण्याची शक्यता वाढते. जी मादी दुसरे वर्ष पाहीलच असे नाही, तिच्या दृष्टीने ही घाईच शहाणपणाची. या जंगलात एका पिढीचा काळ सुमारे दोन वर्षांवर आला होता. तीस किलोंचा उंबरठा लवकर ओलांडणाऱ्यांची संख्या वाढत होती.

२०१४ साली याच जंगलातल्या अठरा वर्षांच्या नोंदींवरून वार्धक्य मोजले गेले. रानडुकराला म्हातारपण येते, नर आणि मादी दोघांनाही येते, हे स्पष्ट झाले. इतकी पिल्ले देणारी मादी झपाट्याने खचत असेल, अशी अपेक्षा होती. दिसले ते थोडे वेगळे: तेवढ्याच आकाराच्या इतर खुरवाल्या प्राण्यांपेक्षा तिचे म्हातारपण लवकर सुरू होते, पण एकदा सुरू झाल्यावर तिची घसरण अधिक वेगाने होत नाही. भरपूर प्रजननाची किंमत ती म्हातारपणाच्या आरंभात मोजते.

म्हणजे माणसाने डुकराचे वेळापत्रक दोनदा पुढे ओढले. एकदा गोठ्यात, लवकर विणाऱ्या निवडून. आणि दुसऱ्यांदा रानात, उशीर करणाऱ्या मारून.

पुन्हा भिवंडीच्या कडेला

आता वाघ का संपला आणि डुक्कर का टिकले, याचा हिशेब मांडता येईल. वर्गात फळ्यावर करता येईल असे एक कल्पित उदाहरण घेऊ. शंभर चितळ माद्या आणि शंभर डुकरिणी. दोन्हींकडे दरवर्षी मोठ्या माद्यांपैकी ४० टक्के मरतात आणि पिल्लांपैकी निम्मी मरतात. चितळाला वर्षाला एक पाडस, डुकरिणीला चारच पिल्ले धरू. निम्मी पिल्ले मादी.

चितळ: ६० माद्या उरल्या, ५० मादी पाडसांपैकी २५ जगली, एकूण ८५.
डुक्कर: ६० माद्या उरल्या, २०० मादी पिल्लांपैकी १०० जगली, एकूण १६०.

हाच हिशेब पाच वर्षे चालवला, तर चितळ माद्या ४४ वर येतात आणि डुकरिणी हजारावर जातात. वाघिणीचे गणित चितळापेक्षाही नाजूक, कारण तिला वयात यायलाच तीन-चार वर्षे लागतात. ज्या मारामुळे एक जात संपते, तोच मार दुसरी पचवते.

अर्थात प्रत्यक्षात डुकरांची संख्या अशी अखंड वाढत नाही. तिला आवर घालते ते अन्न. रानडुक्कर कंद उकरते, पडलेली फळे, मोह, किडे, मेलेली जनावरे, जे मिळेल ते खाते. जंगलात उन्हाळ्याच्या शेवटी ओढ असते. पण जंगलाच्या कडेला भात, वाल, रताळी, भाजीपाला असेल आणि गावाबाहेर अन्नाचा कचरा पडत असेल, तर ओढीचे दिवस कमी होतात. पहिल्याच वर्षी तीस किलोंपर्यंत पोचणाऱ्या माद्या वाढतात. शेत हे डुकराच्या पोटाला पुरते, तसे त्याच्या वेळापत्रकालाही गती देते. डुकराच्या हल्ल्याकडे आपण झालेले नुकसान म्हणून पाहतो. त्या रात्री खाल्लेले भात पुढच्या वर्षीची पिल्ले असते, हे सहसा लक्षात घेत नाही.

कायद्याची बाजूही पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकराला संरक्षण दिले. शेतीचे नुकसान वाढल्यावर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने नुकसान करणाऱ्या रानडुकरांना आणि नीलगाईंना अटींवर मारण्याची मुभा देणारा आदेश काढला. वनखात्याकडून पिकाची भरपाईही मिळते. शेतकऱ्याचा राग खरा आहे. ज्याचे वर्षाचे भात एका रात्रीत लोळवले गेले त्याला निसर्गाच्या समतोलावर प्रवचन देणे योग्य नाही. पण केवळ बंदुकीवर भिस्त ठेवली, तर काय होते हे फ्रान्समधल्या जंगलाने दाखवले आहे. थोडी डुकरे मारली, तर उरलेल्यांना अधिक अन्न मिळते आणि ती लवकर वितात. मोठे नर मारले, तर गणित हलतही नाही. पिकाला कुंपण घालणे, कापणी झाल्यावर धान्य लगेच हलवणे, उघड्यावरचा कचरा बंद करणे, शेजारशेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून राखण करणे ही कामे कंटाळवाणी आहेत. ती गोळीपेक्षा वेगळ्या ठिकाणी घाव घालतात: मादीच्या पहिल्या वर्षाच्या वजनावर. तिथेच या प्राण्याच्या वाढीची किल्ली आहे. पिल्ले खाणारा बिबट्याही या कामी आपल्या बाजूचा आहे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वरचे गणित विद्यार्थ्यांना आकडे बदलून करू द्या. मोठ्या माद्यांचे मरण ४० ऐवजी ६० टक्के धरले तर? पिल्लांपैकी तीन-चतुर्थांश मेली तर? दोन्हीपैकी कशाने संख्या अधिक घटते, ते मुले स्वतः शोधतील. ज्यांचे घर शेतीवाडीचे आहे, त्यांनी आजी-आजोबांना विचारावे: तुमच्या लहानपणी राखण किती दिवस असे? डुकरे कोणत्या महिन्यात येत? पट्टेवाली पिल्ले केव्हा दिसत? उत्तरे तारखेसह वहीत लिहावीत आणि दरवर्षी त्यात भर घालावी. गिल्बर्ट व्हाइटने याहून वेगळे काही केले नव्हते.

आणि तक्त्यातल्या ‘डुक्कर: पंधरा ते वीस वर्षे’ या ओळीपुढे एक टीप जरूर लिहावी: माणसाने जगू दिले तर.